पटकीवरचे दोन उतारे : मीठ-साखरेचे पाणी आणि विहिरीतले गाडगे

मृगाचा पाऊस पडला, नदीनाल्यांना पहिला लोंढा आला की आठ-पंधरा दिवसांत वर्तमानपत्रांतून एक बातमी ठरल्यासारखी येते. अमुक गावात गॅस्ट्रोची लागण, इतके रुग्ण दाखल, पाण्याचे नमुने तपासणीसाठी रवाना. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. लागण आपल्या गावात, आपल्या घरात शिरली की मात्र धावपळ होते.

अशा दिवसांत दवाखान्यात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे. सुकलेल्या नातवाला मांडीवर घेऊन आलेली आजी सांगते, "डॉक्टर, कालपासून पोराला पाण्याचा थेंब दिला नाही, तरी जुलाब काही थांबत नाहीत." आजीचे नातवावर प्रेम आहे यात शंका नाही. वरून पाणी दिले की खालून जाते, तेव्हा वरचे बंद केले की खालचेही थांबेल, असा तिचा हिशेब. हिशेब दिसायला बरोबर आहे. पोटाला विश्रांती द्यावी, खाणेपिणे बंद ठेवावे, असे एके काळी डॉक्टरही सांगत. पण हाच हिशेब लहान मुलाच्या जिवावर बेततो. तो चुकीचा का, हे शोधायला वैद्यकशास्त्राला फार वर्षे लागली. आणि मुळात जुलाब सुरूच का होतात, याचे उत्तर डॉक्टरांइतकेच पाण्याच्या इंजिनिअरांनी दिले. आज या दोन्ही बाजूंच्या संशोधनाची माहिती करून घेऊ.

मरीआईचा गाडा

पटकी म्हणजे कॉलरा. जुलाबाच्या आजारांतला हा सर्वांत उग्र. तांदळाच्या पेजेसारखे पातळ जुलाब होतात. तीव्र आजारात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी निघून जाऊ शकते. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावायचा. एका घरात शिरलेला रोग आळीभर पसरायचा. कारण ठाऊक नसल्याने आपल्याकडे लोकांनी मरीआईला साकडे घातले, तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला. युरोपातले शिकलेले लोक तरी काय वेगळे करत होते? घाणीतून उठणाऱ्या दूषित वाफेने, खराब हवेने पटकी होते, असे तेथील बहुतेक नामवंत डॉक्टर मानत.

हे मत खोडून काढायचे काम लंडनमधल्या जॉन स्नो या डॉक्टराने केले. सन १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीने थैमान घातले. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. स्नोने घरोघर हिंडून मृतांची नोंद केली, तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाच्या आसपास झालेले दिसले. पण एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने अपवादही शोधले. त्याच भागातल्या अनाथ-गरिबांच्या वसतिगृहात पाचशेवर माणसे राहत होती, तेथे फक्त पाच दगावली. त्यांची विहीर वेगळी होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगार बचावले, कारण ते पंपाचे पाणी पीत नसत. उलट कित्येक मैलांवर राहणारी एक बाई पटकीने गेली. चौकशी केली तर तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती मुद्दाम बाटलीतून ते मागवत असे.

स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तेव्हा ओसरू लागली होती, म्हणून दांडा काढल्यानेच ती थांबली असे म्हणता येत नाही. स्नोचा खरा विजय त्याच्या पुराव्यात होता. पुढे उघडकीला आले, की त्या विहिरीच्या अगदी लगत एका घराचा मैलाखड्डा होता आणि त्याच्या भिंतीतून पाझर विहिरीत उतरत होता. हवेचा काही संबंध नव्हता. एकाच्या पोटातली घाण दुसऱ्याच्या पेल्यात जात होती. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्यात, वेगळा करून दाखवला.

एका रस्त्याच्या दोन बाजू

रोग पाण्यातून येतो हे समजले, पण अख्ख्या शहराचे पाणी सुरक्षित कसे करायचे? हे काम इंजिनिअरांचे. त्यांच्या कामाची परीक्षा १८९२ साली जर्मनीत झाली, आणि ती परीक्षा फार महाग पडली.

एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना चिकटून वसलेली होती. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता नळाला सोडत असे. आल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरच्या शहराची घाण मिसळलेले पाणी त्याच्या वाट्याला. पण आल्टोना ते पाणी वाळूच्या थरांतून संथपणे गाळून मगच लोकांना देत असे. त्या वर्षी पटकी आली. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे मेली. आल्टोनात त्या मानाने फारच थोडी. दोन शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यावर तर एका बाजूच्या घरांत रोग आणि समोरच्या घरांत नाही, असे दिसले. हवा तीच, जमीन तीच, माणसेही तशीच. फरक होता तो नळाच्या पाण्याचा. दुसऱ्याच वर्षी हॅम्बुर्गने आपले गाळणी केंद्र सुरू केले.

वाळूची ही गाळणी नुसत्या चाळणीसारखी काम करत नाही. पाणी सावकाश झिरपताना वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर जमतो. हा थर रोगजंतूंना अडकवतो आणि खाऊन टाकतो. पुढे १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात झाली. पाण्यात विष कालवतात, असा ओरडा झाला, प्रकरण न्यायालयात गेले. पण अत्यल्प मात्रेतले क्लोरीन जंतू मारते आणि माणसाला अपाय करत नाही, हे सिद्ध झाले. नंतर ही पद्धत जगभर गेली. आपली ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते ते त्याच घराण्यातले.

आतड्यातले दार

आता पोटाच्या बाजूकडे वळू. पाणी शुद्ध झाले तर रोग टळेल, पण जो आज आजारी आहे त्याचे काय?

पटकीचे जंतू आतड्याला जखमा करत नाहीत. ते एक विष सोडतात. हे विष जंतूंपासून वेगळे असते आणि त्याच्यामुळेच आतड्यात पाणी साठते, हे कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. या विषामुळे आतडे शरीरातले क्षार आणि पाणी बाहेर ओतत राहते. माणूस मरतो तो जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे, तर शरीरातले पाणी आणि मीठ संपल्यामुळे. मग गेलेले पाणी परत भरणे, हाच खरा इलाज.

शिरेतून सलाईन देऊन ते भरता येते. पण सलाईनच्या बाटल्या, सुया, शिकलेला माणूस हे सारे साथीच्या वेळी खेड्यात कोठून आणायचे? तोंडाने पाणी पाजावे तर नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी आतडे नीट शोषत नाही. येथे आजीचा हिशेब बरोबर ठरतो असे वाटू लागते.

पण आतड्याच्या भिंतीत एक खास दार आहे. त्याच्यावरचा रखवालदार मिठातल्या सोडियमला एकट्याला आत सोडत नाही. साखरेतले ग्लुकोज सोबत असेल तर जोडीने दोघांना सोडतो, आणि या जोडीच्या मागोमाग पाणी आपोआप आत खेचले जाते. हा जोडीचा नियम रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडला. पटकीत इतर सारे बिघडले तरी हे दार शाबूत राहते. म्हणजे जुलाब चालू असतानाही योग्य प्रमाणात मीठ आणि साखर घातलेले पाणी पाजले तर ते अंगी लागते. जुलाब लगेच थांबत नाहीत, पण माणूस सुकत नाही. आजीच्या हिशेबात राहून गेले ते नेमके हेच.

प्रमाण मात्र सांभाळावे लागते. साखर फार झाली तर ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून आणते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर तेही लहान मुलाला घातक.

बनगावची छावणी

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून १८६ रुग्णांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले होते. पण तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रुग्णांचे जुलाब मोजून, तेवढेच द्रावण तोंडाने पाजून दाखवले. सलाईनची गरज कितीतरी कमी झाली. तरीही मोठ्या रुग्णालयांतले डॉक्टर म्हणत, हे प्रयोगशाळेत ठीक, पण साध्या माणसांच्या हाती हे कसे द्यावे?

त्याचे उत्तर १९७१ साली मिळाले. पूर्व पाकिस्तानातल्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीवरच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली. रुग्णालयातल्या खाटा भरल्या, रुग्ण जमिनीवर, जुलाब-उलट्यांच्या घाणीत पडलेले. सलाईन संपत आलेले. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसाचा निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या तयार करवल्या. द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आई, भाऊ, शेजारी, जो सोबत असेल तो पेला भरून पाजत बसे.

आधी जेथे शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण ३.६ वर आले. औषधे महाग झाली नाहीत की डॉक्टरांची संख्या वाढली नाही. उपचार शिकलेल्यांच्या हातून आप्तांच्या हाती गेला, एवढाच फरक. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. बांगलादेशात १९८० ते १९९० या दहा वर्षांत एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे प्रमाण त्यांनी बायांना तोंडपाठ करून दिले. महालनबीस २०२२ साली वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

नागपूरचे गाडगे, बंगालची साडी

शहराला गाळणी केंद्र बांधता येते. पण वस्तीवरच्या आडाचे काय? नागपूरला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. सर्वजण तिला नीरी या नावाने ओळखतात. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने घरगुती विहिरीसाठी दुहेरी गाडग्याची पद्धत तयार केली. मातीचे एक गाडगे दुसऱ्यात बसवायचे. आतल्याला वरच्या अंगाला आणि बाहेरच्याला तळापासून चार सेंटिमीटरवर एकेक बोटभर छिद्र. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओलसर करून आतल्या गाडग्यात छिद्राच्या जरा खालपर्यंत भरायची. बाहेरच्याचे तोंड प्लास्टिकने बांधायचे आणि दोरीने ते पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचे. वाळूमुळे क्लोरीन एकदम न सुटता हळूहळू झिरपते. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा होणाऱ्या लहान विहिरीला एक भरण दोन ते तीन आठवडे पुरते. कुंभाराच्या चाकावरची वस्तू, पण तिच्यामागे किती वेगाने किती क्लोरीन सुटावे याचे पक्के गणित आहे.

दुसरी गोष्ट साडीची. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आले, की तळ्या-नद्यांत पटकीचे जंतू पुष्कळदा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यांना चिकटून राहतात. किडा अडवला की त्याच्यावरचे हजारो जंतूही अडतील. मग बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांतल्या बायांना शिकवले, की जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी निदान चार घड्या करून घागरीच्या तोंडाला बांधा. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. जुनी साडीच चांगली, कारण धुण्याने तंतू फुलतात आणि विणीची छिद्रे बारीक होतात.

आपल्याकडेही हंड्याला फडके बांधण्याची चाल आहे. ती चांगलीच, पण एकेरी फडके पुरत नाही. आणि घडीच्या साडीनेही सुटे जंतू व विषाणू अडत नाहीत. म्हणून गाळण हे क्लोरीनच्या आधीचे पाऊल समजावे.

घरात काय करावे?

पहिला पातळ जुलाब झाला की लगेच जलसंजीवनी सुरू करावी. सुकण्याची वाट पाहू नये. आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे तिची पुडी मिळते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने मीठ-साखर पूर्वीपेक्षा कमी केलेले सूत्र दिले आहे आणि आज तेच वापरतात. पुडी एक लिटरची आहे की पेलाभर पाण्याची, ते वाचूनच पाणी घ्यावे. पुडी अर्धी करू नये. केलेले द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप आणि मोठ्या माणसाला हवे तेवढे पाजावे. लहान मुलाला चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ खिचडी, ताक चालू ठेवावे. बाटलीतली थंड, गोड पेये देऊ नयेत. त्यांतली साखर जुलाब वाढवते.

लहान मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही द्याव्यात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश जागेवर जाते, लघवी होत नाही, मूल गुंगीत आहे किंवा त्याला पिताच येत नाही, शौचात रक्त पडते, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. अशा वेळी सलाईनच लागू शकते. पण दवाखान्याच्या वाटेवरही, मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर, पाजणे चालूच ठेवावे. साध्या जुलाबासाठी मात्र "डॉक्टर, सलाईन लावाच" असा आग्रह धरू नये. तोंडाने पिता येत असेल तर जलसंजीवनी पुरते.

गावाने काय करावे?

विहिरीत टीसीएल टाकताना अंदाजपंचे टाकू नये. गोल विहिरीची रुंदी मीटरमध्ये मोजून तिला तिनेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, आलेल्या आकड्याला ३.१४ ने गुणून चारने भागावे. एवढे हजार लिटर पाणी. हजार लिटरला चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम हे प्रमाण. समजा, विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर आहे. मग पाणी सुमारे २८ हजार लिटर आणि पावडर ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावे. तासभर कोणी पाणी भरू नये. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडते. अशा वेळी प्रमाण वाढवावे लागते आणि घरी आणलेले पाणी तुरटीने निवळून, गाळून घ्यावे. टीसीएलचे पोते उघडे राहिले तर त्याचे बळ उडून जाते, म्हणून ते घट्ट झाकून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावे. टाकल्यावर ओटी चाचणीने पाणी पिवळे होते का ते पाहावे. तो रंग हीच पावती.

पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून ते ओतून देऊन ओढ्याचे "गोड" पाणी भरणाऱ्या घरांची आजही कमी नाही. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडणारी बाई आठवावी.

पाच वर्षांखालची सुमारे साडेचार लाख मुले जगात आजही दरवर्षी जुलाबाने जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांच्यावरचा उतारा सापडून पन्नास वर्षे उलटली. तो महागही नाही, अवघडही नाही. या पावसाळ्यात आपल्या घरातल्या आजीला एवढेच समजावून सांगावे : पोराचे पाणी बंद करायचे नाही. पाण्यात मीठ-साखर घालायची आणि पाजत राहायचे.